दोन मेंदू आणि एक खिडकी

जुन्या गिरणीत किंवा वीजघरात ज्यांनी उमेदीची वर्षे काढली असतील, त्यांना तेथील भिंतीवरचे काटे अजून आठवत असतील. वाफेच्या दाबाचा एक काटा, पाण्याची पातळी दाखविणारी एक काचेची नळी, तेलाच्या उष्णतेचा आणखी एक काटा, असा तो सारा परिवार असे. प्रत्येकाची नळी निराळी आणि प्रत्येकाचा स्वभावही निराळा. एखादा काटा बिघडला तर तो एकटाच बिघडे. शेजारचे दहा काटे खरे बोलत राहत, आणि मुरलेला कामगार त्या दहांच्या साक्षीवरून त्या एका खोट्याला पकडीत असे. काट्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी काचेवर बोटाने टिचकी मारून पाहण्याची त्या पिढीची सवय मी स्वतः पाहिली आहे. काटा अडकलेला असेल तर टिचकीने थरथरे आणि आपल्या खऱ्या जागी जाऊन बसे.

आता ते काटे बहुतेक गेले. आपल्या वडोदऱ्याच्या आसपासच्या कारखान्यांत आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले आणि जावई नोकरीला आहेत. त्यांना विचारा, म्हणजे ते सांगतील की, आज सारी भिंत एका काचेच्या पडद्यात शिरली आहे. त्या पडद्याला ते टर्मिनल म्हणतात, पॅनेल म्हणतात, कोणी नुसतेच स्क्रीन म्हणतात. पडद्यामागे, बहुधा दुसऱ्याच खोलीत, पत्र्याच्या कपाटात एक छोटा संगणक बसलेला असतो आणि खरे काम तो करतो. त्याचे नाव पी.एल.सी. मोटारी बनविणाऱ्या जनरल मोटर्स या कंपनीने १९६८ साली अशा यंत्राची मागणी केली आणि १९६९ साली मोडिकॉन ०८४ या नावाने ते तयार होऊन आले. तेव्हापासून कारखान्यांचा कारभार हळूहळू या कपाटांकडे गेला. पातळी किती आहे, दाब किती आहे, हे तो संगणक सेकंदाला कित्येक वेळा वाचतो, आपल्या मनातील नियमांशी ताडून पाहतो आणि झडप उघडा, पंप थांबवा, असे हुकूम सोडतो. माणसाला यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो पडदा.

हा विषय धर्मगुरूच्या टेबलावर कसा आला, हे सांगणे भाग आहे. ज्या धर्मग्रामात नोकरदार माणसे अधिक, तेथील फादरकडे लोक कागद घेऊन येतात. बँकेचा अर्ज, शाळेचा दाखला, पेन्शनचा हिशेब, कधी साहेबाला लिहावयाचे उत्तर. सेमिनरीत शिकविलेल्या तर्कशास्त्राचा असा उपयोग होईल असे आमच्या प्राध्यापकांच्या मनातही आले नसेल. पण तो होतो. गेल्या पावसाळ्यात पस्तिशीचे एक गृहस्थ असेच एक लांबलचक आरोपपत्र घेऊन आले. रात्रपाळीत कामात हयगय केली, समोरचे आकडे वाचले नाहीत, त्यामुळे कंपनीची हानी झाली व एका मनुष्यास इजा झाली, असे त्यात लिहिले होते. ते निलंबित झाले होते. निलंबनात पहिले ९० दिवस वेतनाचा निम्मा भाग निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. त्यावर घराचे भाडे आणि दोन मुलांची फी भागविणे किती अवघड, हे वाचकांना सांगावयास नको. कारखान्याचे नाव सांगण्याचे काही प्रयोजन नाही, आणि मी ते सांगणारही नाही.

उत्तर लिहून द्यावयाचे तर घडले काय ते मला आधी समजावयास हवे होते. तीन संध्याकाळ ते गृहस्थ माझ्यासमोर कागदावर चौकोन काढीत बसले. त्यांच्याकडून आणि पुढे वाचनातून मला जे समजले ते जमेल तितके सोपे करून सांगतो.

जेथे नियंत्रण एक क्षणही खंडित होऊन चालत नाही, तेथे एकाऐवजी दोन पी.एल.सी. बसवितात. एक काम करतो. दुसरा त्याच्या शेजारी जागा राहून तेच नियम, तेच आकडे आपल्या स्मृतीत क्षणोक्षणी उतरवून घेत असतो. पहिल्याला मुख्य म्हणतात आणि दुसऱ्याला स्टँडबाय. दोघांमध्ये एक खास तार असते, तिच्यावरून ही नक्कल चालते. मुख्य बंद पडला की दुसरा कारभार आपल्या हाती घेतो, आणि तो इतक्या झटकन की झडपेला किंवा पंपाला सत्तांतराचा पत्ताही लागत नाही. राजवाड्यातील पहारेकरी बदलावे आणि आत झोपलेल्या राजाची झोप मोडू नये, तशी ही व्यवस्था आहे. तिच्यावर पुष्कळ पैसा खर्च होतो, आणि तो योग्यच होतो.

परंतु पडद्याचे काय? पडदा हा या दोघांपैकी कोणाशी बोलतो?

येथेच खरी गोम आहे. टर्मिनलला आकडे मागावयाचे तर कोणाकडे मागावयाचे याचा पत्ता त्याला द्यावा लागतो. हा पत्ता म्हणजे जाळ्यावरील एक संख्या. दोन पी.एल.सी. म्हणजे दोन पत्ते. साधे, स्वस्त टर्मिनल एकच पत्ता जाणते. तो पत्ता पहिल्याचा दिला, आणि कारभार दुसऱ्याकडे गेला, तर टर्मिनल पूर्वीच्याच दारी उभे राहून विचारीत राहणार. ज्याची गादी गेली त्याच्याच वाड्यावर अर्ज घेऊन जाणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती होते.

आता एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. सारे प्रकरण त्याच्यावर उभे आहे. पहिला पी.एल.सी. पुरता मेला, त्याची वीजच गेली, तर त्याच्या दारी कोणी उत्तर देत नाही. टर्मिनलला उत्तर मिळाले नाही की ते पडद्यावर तसे लिहिते, आकड्यांच्या जागी फुल्या दाखविते, आणि माणूस सावध होतो. परंतु पी.एल.सी. असा पुरता मरतोच असे नाही. कधी त्याचे नियम चालविणे थांबते, आणि बोलण्याचे अंग मात्र जिवंत राहते. तो आपले काम सोडून देतो, दुसरा ते उचलतो, आणि तरीही कोणी विचारले की पहिला आपल्या स्मृतीतील शेवटचे आकडे विनयाने सांगत राहतो. ते आकडे त्याच्या शेवटच्या शुद्धीतल्या क्षणाचे असतात. ते आता बदलणार नाहीत. विचारणाऱ्याला उत्तर मात्र दर वेळी मिळते, वेळेवर मिळते, आणि कोठे काही चुकले आहे असा संशय टर्मिनलला येण्याचे कारण उरत नाही.

त्या रात्री नेमके हेच घडले. गरम पाण्याची एक टाकी होती. वाफेचे पाणी होऊन ते तेथे साठते आणि पुन्हा बॉयलरकडे जाते. पातळी वाढली तर दुसरा पंप हाताने चालू करावयाचा, हे या गृहस्थांचे काम. पडद्यावर पातळी ६२ टक्के होती. एक वाजता त्यांनी लॉगशीटवर ६२ लिहिले. दोन वाजताही ६२ लिहिले. टाकी प्रत्यक्षात त्या अवधीत भरत चालली होती. दोन वाजून काही मिनिटांनी पहारेकऱ्याची हाक आणि पाण्याचा आवाज एकदमच ऐकू आला. ते टर्मिनलकडे धावले आणि पडद्यावरील दुसऱ्या पंपाच्या बटणावर बोट ठेवले. बटण उजळले, पंप मात्र फिरला नाही. मग ते पावसात पंपघराकडे पळाले आणि तेथील लोखंडी बटण दाबून पंप सुरू केला. तोवर ओसंडलेले कढत पाणी खालच्या वाटेवर आले होते, आणि झाडलोट करणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचा पाय घोट्यापर्यंत भाजला होता.

बटण उजळले ते कसे? टर्मिनल स्वतःच ते उजळवीत होते. बोट लागले एवढेच त्या उजेडाचे म्हणणे. हुकूम गेला तो गादीवरून उतरलेल्याकडे गेला, आणि त्याने तो निमूटपणे आपल्या स्मृतीत लिहून ठेवला. पंपाच्या तारा आता त्याचे ऐकत नव्हत्या.

चौकशीत विचारलेला प्रश्न वरवर अगदी सरळ होता. ‘एक तास आकडा हलला नाही, एवढे तुमच्या ध्यानात का आले नाही?’ प्रश्न वाचल्यावर प्रथम मलाही तो बिनतोड वाटला. मी गृहस्थांना तोच विचारला. ते म्हणाले, “फादर, सगळे ठीक चालले असले की ती पातळी हलतच नाही. ती स्थिर राहावी म्हणून तर एवढी यंत्रे. आणि पडद्यावरचे घड्याळ तर चालूच होते.”

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थबकलो. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असते. त्यातील सेकंद पळत असतात. पाहणाऱ्याच्या मनाला त्यावरून वाटते की, पडदा जिवंत आहे, म्हणजे त्यावरचे सारेच जिवंत आहे. परंतु ते घड्याळ टर्मिनलचे स्वतःचे असते, पी.एल.सी.शी त्याचा काडीचा संबंध नसतो. मृत्यूची वेळ दाखवून थांबलेले घड्याळ कथा-कादंबऱ्यांत पुष्कळदा भेटते. येथे घड्याळ चालू होते आणि बाकी सर्व थांबले होते. मागील महिन्याच्या लॉगशीटा आम्ही मागवून घेतल्या. त्यांत ६१, ६२, ६२, ६२, ६१ असे आकडे ओळीने सापडले, आणि तेव्हा कोणी त्यांस हयगय म्हटले नव्हते. उत्तरात हे सारे लिहिले.

आणखी एक गोष्ट उत्तरात लिहिली, ती मुख्य कंट्रोल रूमविषयी होती. तेथील पडद्यांना दोन्ही पत्ते ठाऊक होते. त्यांनी रीतसर दुसऱ्या पी.एल.सी.चा हात धरला होता आणि टाकीचा इशारा तेथे उमटलाही होता. परंतु त्या विभागाचे इशारे तेथील माणसे सवयीने मान्य करून पुढे जात, कारण जागेवरचा माणूस पाहतोच आहे अशी समजूत होती. आणि जागेवरच्या माणसाचे टर्मिनल मागाहून, दोन वर्षांनी, कोणा कंत्राटदाराने स्वस्तात बसविलेले होते. बसविताना परीक्षाही झाली होती म्हणे. पहिल्या पी.एल.सी.ची वीज काढून पाहिली, पडद्यावर फुल्या आल्या, सर्वांनी माना डोलावल्या. पुरत्या मरणाची परीक्षा झाली. अर्धवट मरणाची कोणाला सुचली नाही.

अमेरिकेतील एक प्रसंग मी पुढे वाचला. तो आपल्या या टाकीपेक्षा कोट्यवधी पटींनी मोठा आहे. परंतु त्याची जात हीच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

१४ ऑगस्ट २००३. ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षात दोन मोठे संगणक होते. एक मुख्य आणि दुसरा त्याच्या पाठीशी राखीव. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी इशारे देणारा कार्यक्रम आपल्या एका अंतर्गत दोषामुळे अडकून पडला. तो संपला नाही, कोसळला नाही, नुसताच फिरत राहिला. त्यामुळे घंटा वाजेनात, आणि घंटा वाजत नाहीत हे सांगणारी दुसरी घंटा नव्हती. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य संगणक बसला. योजना ठरल्याप्रमाणे चालली: राखीव संगणकाने सारा कारभार उचलला. परंतु कारभाराबरोबर तो अडकलेला कार्यक्रमही जसाच्या तसा त्याच्या अंगावर आला, आणि १३ मिनिटांत, २ वाजून ५४ मिनिटांनी, राखीवही बसला. रोग्याच्या अंथरुणावर निरोगी माणसाला निजवावे तसे झाले. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजे होणारे पडदे एक मिनिटभर लावू लागले.

पडद्यासमोर बसलेल्यांना यांतले काही कळले नाही. शेजारच्या वीज कंपनीकडून दूरध्वनी आला की, तुमच्या-आमच्या हद्दीवरील एक वाहिनी क्षणभर तुटून पुन्हा जोडली गेली, काय झाले? यांनी पडद्याकडे पाहिले. तेथे काही नव्हते. ३ वाजून ५ मिनिटे, ३ वाजून ३२ मिनिटे, ३ वाजून ४१ मिनिटे, या तीन वेळी ३४५ किलोव्होल्टच्या तीन मोठ्या वाहिन्या झाडांच्या फांद्यांना लागून तुटल्या. संगणक विभागाच्या माणसांना यंत्रानेच निरोप पाठविला होता, आणि ३ वाजून ८ मिनिटांपर्यंत त्यांनी मुख्य संगणक पुन्हा चालूही केला. तो चालू झाला म्हणजे इशारेही चालू झाले असे त्यांनी मानले. नियंत्रणकक्षात जाऊन ‘तुमचे इशारे उमटतात का?’ एवढे त्यांनी विचारले नाही. ३ वाजून ४२ मिनिटांनी या दोन खोल्यांमध्ये त्याविषयी पहिल्यांदा बोलणे झाले. ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत यांतील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या जागच्या जागी थांबल्या. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने एप्रिल २००४ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला; वरील वेळा त्यातल्याच आहेत.

ज्याला वाटते की दोन यंत्रे ठेवली म्हणजे काळजी मिटली, त्याने हा अहवाल एकदा तरी चाळावा. फ्रेंच गयानामधून ४ जून १९९६ रोजी उडालेले एरियन ५ हे युरोपचे अग्निबाण-यान असेच गेले. दिशा सांगणारे दोन संगणक, दोहोंत तोच कार्यक्रम आणि तीच चूक. सुमारे ४० सेकंदांत सारे आकाशात विखुरले. जुळ्या भावांना एकच आजार एकाच दिवशी होतो, त्यांतला प्रकार.

असो. वाचक म्हणतील, फादरांनी दोष पुष्कळ सांगितले, उपाय काय? उपाय आहेत, आणि ते काही नवलाचे नाहीत. जाणकार लोक ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

पहिला उपाय पत्त्याचा. पत्ता माणसाच्या नावाने न देता पदाच्या नावाने द्यावा. ‘मुख्य जो कोणी असेल तो’ असा एक पत्ता ठेवावयाचा, आणि कारभार बदलला की तो पत्ताही नव्या मुख्याकडे जावयाचा. कित्येक पी.एल.सी.च्या जोड्यांत ही सोय घडविलेलीच असते: सत्तांतर होताच दोघे आपसांत पत्ते बदलतात, आणि टर्मिनलला आपला मालक बदलल्याचे कळतही नाही. दुसरी रीत अशी की, टर्मिनलने दोन्ही दारे ठाऊक ठेवावीत, दोघांनाही ‘तुमच्यात मुख्य कोण?’ असे सतत विचारावे, आणि जो मुख्य म्हणवील त्याचेच आकडे दाखवावेत. पहिली रीत सुटसुटीत आहे. मला स्वतःला दुसरी अधिक रुचते, कारण तीत विचारण्याची सवय राहते. परंतु मी काही यंत्रज्ञ नव्हे. पहिल्या रीतीत एक गंमतही आहे. पत्ता नव्या घरी गेला तरी जाळ्यातील टपालवाल्याला जुने घर काही काळ आठवत राहते, म्हणून नव्या मुख्याने ‘आता मी येथे आहे’ अशी दवंडी पिटावी लागते. ती पिटली गेली नाही, तर पडदा काही सेकंद, कधी मिनिटेही, मुका होतो.

दुसरा उपाय नाडीचा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. पी.एल.सी.मध्ये एक संख्या अशी ठेवावी की जी दर सेकंदाला एकाने वाढेल. तिला दुसरे काही काम नाही. नियम चालविणे थांबले की ती थांबेल. टर्मिनलने तिच्यावर डोळा ठेवावा. चार-पाच सेकंद ती हलली नाही, की पडद्यावरचे सर्व आकडे करडे करावेत आणि मोठ्या अक्षरांत सांगावे की, हे जुने आहेत, यांच्यावर विसंबू नका. हा निवाडा टर्मिनलने करावा, हे महत्त्वाचे. मेलेल्याने आपल्या मृत्यूची बातमी द्यावी अशी अपेक्षा आपण घरात ठेवीत नाही. कारखान्यात का ठेवावी? हा उपाय करावयास खर्च जवळपास शून्य आहे. अर्ध्या दिवसाचे काम. म्हणूनच तो झालेला नसला की मला राग येतो.

तिसरी गोष्ट बटणांची. पडद्यावरच्या काही बटणांची रीत अशी असते की बोट ठेवले असता ‘चालू’ लिहिले जाते आणि बोट उचलले असता ते पुसले जाते. आता कल्पना करा, बोट ठेवल्यानंतर आणि उचलण्यापूर्वी, त्या पापणी लवण्याच्या वेळात, सत्तांतर झाले. ‘चालू’ हा निरोप पोहोचला, नक्कल होऊन दुसऱ्याकडेही गेला; ‘पुसा’ हा निरोप वाटेत हरवला. यंत्र चालूच राहणार. म्हणून शहाणे लोक बटणाचे ‘चालू’ पुसण्याचे काम पी.एल.सी.वरच सोपवितात: हुकूम वाच, पाळ आणि लगेच पुसून टाक. आणि जीव वाचविणारे लाल बटण, ते तर पडद्यावर कधीच ठेवू नये. त्याची तार थेट असावी, मध्ये कोणाचा मेंदू नसावा. पंपघरातील ते लोखंडी बटण त्या रात्री कामी आले ते यामुळेच.

पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड या अणुवीजघरात २८ मार्च १९७९ रोजी झडप बंद झाल्याची खूण देणारा दिवा ‘बंद करा’ असा हुकूम सुटला एवढेच सांगत होता. झडप बंद झाली की नाही हे त्याला ठाऊकच नव्हते. ती दोन तासांहून अधिक वेळ उघडी होती, आणि माणसे दिव्यावर विश्वास ठेवून बसली होती. उजळलेल्या बटणाची गोष्ट ऐकताना मला त्या दिव्याची आठवण झाली.

बाकीच्या सूचना चटकन आटोपतात. दोन पी.एल.सी.ना दोन निराळ्या जागांहून वीज द्यावी. दोन जाळ्यांच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत, कारण उंदीर आणि कुदळ नळी पाहतात, तारा मोजत नाहीत. टर्मिनलही निदान दोन असावीत. आणि परीक्षा घेताना नुसती वीज काढून पाहू नये; पी.एल.सी.चे नियम तेवढे थांबवावेत, नुसती तार उपसावी, आणि प्रत्येक वेळी पडद्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाला तेथे बसवून ‘तुला काय दिसते?’ असे विचारावे. ओहायोत हा प्रश्न विचारला गेला नाही. परीक्षा अभियंते घेतात आणि निकालही तेच देतात. रात्री दोन वाजता जो तेथे असणार त्याला त्या दिवशी सुट्टी असते.

आमच्या उत्तराचे काय झाले तेही सांगतो. अकरा पाने झाली. युनियनच्या वकिलांनी त्यांतली चार काढून टाकली, आणि ते बरेच झाले. कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यातील एका वयस्क अभियंत्याने चौकशीत सरळ सांगितले की, पहिल्या पी.एल.सी.च्या नोंदीत रात्री १२ वाजून ५१ मिनिटांनी तो थांबल्याचे स्वच्छ आहे आणि त्या टर्मिनलला दुसरा पत्ता कधी दिलेलाच नव्हता. असे बोलावयास नोकरीत असताना धैर्य लागते. निलंबन मागे घेतले गेले. त्या दिवसांचे उरलेले वेतन मिळाले. लेखी ताकीद मात्र फायलीत तशीच राहिली आहे. ती काढून टाकावी यासाठी दुसरा अर्ज गेला आहे, आणि त्याला अजून उत्तर नाही.

ज्याचा पाय भाजला तो दाहोदकडचा एक तरुण. त्याच्या नावाचा उल्लेख आरोपपत्रात नव्हता; ‘एक कंत्राटी मजूर’ एवढेच होते. सहा आठवडे तो कामावर येऊ शकला नाही. त्याची भरपाई कारखान्याने द्यावी की कंत्राटदाराने, यावर दोघांची पत्रापत्री चालू आहे, आणि तिच्यातील एका पत्राचे उत्तर सध्या माझ्या टेबलावर अर्धे लिहून पडले आहे. या कामात पत्ता चुकलेला नाही, दोन्ही पत्ते बरोबर आहेत. उत्तर मात्र कोठूनच येत नाही.

टर्मिनल बदलले. नवे दोन्ही दारांशी बोलते. त्याच्या वरच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक दोन आकडी संख्या शून्यापासून एकोणसाठपर्यंत चढते आणि पुन्हा शून्यावर येते. लॉगशीटवरही एक नवा रकाना आला आहे: दर तासाला ती संख्या दोनदा पाहावयाची आणि दोन्ही आकडे लिहावयाचे.